पाश्चात्त्य कुतूहलाची भरती-ओहोटी : यीट्स, रवींद्रनाथ आणि पुरोहित स्वामी

प्रस्तावना

पाश्चात्त्य जगाला पौर्वात्य संस्कृतींविषयी वाटणारे आकर्षण हा तौलनिक साहित्याभ्यासातील एक महत्त्वाचा विषय आहे. या आकर्षणाचा इतिहास सलग नाही, त्याला भरती आहे तशी ओहोटीही आहे. विल्यम जोन्स यांनी १७८९ मध्ये कालिदासाचे 'शाकुंतल' इंग्रजीत आणले. दोनच वर्षांनी गेओर्ग फोर्स्टर यांनी त्या इंग्रजीवरून जर्मन अनुवाद केला आणि हर्डर, गटे यांच्यासारखे साहित्यिक त्या नाटकाने भारावून गेले. १८०८ मध्ये फ्रीडरिख श्लेगेल यांनी भारतीयांची भाषा व ज्ञान यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे मात्र वारे फिरले. जेम्स मिल यांचा भारताचा इतिहास १८१७ मध्ये आणि मॅकॉले यांचे शिक्षणविषयक टिपण १८३५ मध्ये पुढे आले. एकाच पिढीच्या हयातीत भारतीय वाङ्मय हे नवलाईचे भांडार होते आणि तेच टाकाऊ वाङ्मयही ठरले.

या चढउताराची मीमांसा यापूर्वी झालेली आहे. रेमों श्वाब यांनी १९५० मध्ये या पर्वाकडे युरोपच्या दुसऱ्या पुनर्जागरणाच्या दृष्टीने पाहिले, तर एडवर्ड सैद यांनी १९७८ मध्ये त्यामागील सत्तासंबंध उघड केले. या दोन्ही मांडण्या व्यापक आहेत. प्रस्तुत लेखात त्याऐवजी एकाच कवीच्या आयुष्यातील भारतविषयक आस्थेचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. विल्यम बटलर यीट्स (१८६५-१९३९) या आयरिश कवीच्या जीवनात भारत तीन व्यक्तींच्या रूपाने तीनदा आला. त्यांपैकी तिसरी व्यक्ती मराठीभाषक होती, ही बाब आपल्याकडील वाङ्मयचर्चेत क्वचितच येते. ही आस्था कशी उत्पन्न होते, कशामुळे ओसरते आणि तिच्या ओहोटीनंतर आपल्या हाती काय उरते, असे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

तीन भेटी

पहिली भेट १८८५-८६ च्या सुमारास डब्लिनमध्ये झाली. थिऑसॉफिकल चळवळीतील मोहिनी चटर्जी तेथे आले असता विशीतील यीट्स यांच्यावर त्यांच्या वेदान्तविवेचनाची खोल छाप पडली. ती इतकी टिकली, की सुमारे चार दशकांनंतर यीट्स यांनी त्यांच्या नावाने कविता लिहिली.

दुसरी भेट १९१२ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये झाली. चित्रकार विल्यम रोथेनस्टाइन यांच्यामार्फत रवींद्रनाथांच्या इंग्रजी रूपांतरांची वही यीट्स यांच्या हाती आली. नोव्हेंबर १९१२ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने इंग्रजी 'गीतांजली' मर्यादित प्रतींत छापली. मार्च १९१३ मध्ये मॅकमिलनची आवृत्ती निघाली आणि नोबेल पुरस्कार जाहीर होण्यापूर्वीच तिची अनेक पुनर्मुद्रणे झाली. दरम्यान एझ्रा पाउंड यांच्या पुढाकाराने शिकागोच्या 'पोएट्री' मासिकात डिसेंबर १९१२ मध्ये त्यातील सहा कविता आल्या. टी. स्टर्ज मूर या इंग्रज कवीने नोबेलसाठी शिफारस केली आणि १३ नोव्हेंबर १९१३ रोजी पुरस्कार जाहीर झाला. बंगालबाहेर फारसा माहीत नसलेला कवी दीड वर्षात जगप्रसिद्ध झाला.

तिसरी भेट १९३१ ची. ती घडवून आणणारे पुन्हा स्टर्ज मूरच होते. विदर्भातील बडनेरा येथे १८८२ मध्ये जन्मलेले श्री पुरोहित स्वामी तेव्हा इंग्लंडमध्ये आले होते. १९३२ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र यीट्स यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. १९३४ मध्ये स्वामींचे गुरू भगवान श्री हंस यांच्या कैलास-मानस यात्रेचे वर्णन आले. ते मूळ मराठीतून स्वामींनी इंग्रजीत आणले होते आणि त्यालाही प्रस्तावना यीट्स यांचीच होती. पुढे दोघांनी मिळून दहा प्रमुख उपनिषदांचा अनुवाद केला. तो १९३७ मध्ये फेबर या संस्थेने प्रकाशित केला.

आस्थेच्या उगमाचे स्वरूप

या तिन्ही भेटींत एक साम्य आढळते. प्रत्येक वेळी यीट्स यांना भारतापेक्षा स्वतःच्या समाजात हरवलेले काहीतरी हवे होते. तरुणपणी त्यांना वडिलांच्या पिढीच्या जडवादाला उत्तर हवे होते. १९१२ मध्ये त्यांना असा समाज हवा होता, जेथे कवी आणि सामान्य माणूस यांच्यात अंतर पडलेले नाही आणि काव्य व धर्म एकच आहेत. 'गीतांजली'च्या प्रस्तावनेत त्यांनी बंगालचे जे चित्र रेखाटले आहे ते मूलतः असे अखंड संस्कृतीचे स्वप्न आहे. आयर्लंडसाठी त्यांनी जे इच्छिले आणि जे त्यांना लाभले नाही, ते त्यांनी बंगालमध्ये पाहिले. उतारवयात त्यांना अमूर्त तत्त्वज्ञानापेक्षा प्रत्यक्ष जगलेली साधना हवी होती. ती त्यांना स्वामींच्या आत्मचरित्रात सापडली.

गरजेतून उत्पन्न झालेली आस्था खोटी असते, असे येथे सुचवावयाचे नाही. कोणताही वाचक स्वतःच्या गरजेतूनच वाचतो. मात्र गरज हीच निवडीची कसोटी झाली, की कलाकृतीचा गरजेत न बसणारा भाग दृष्टीआड होतो. इंग्रजी 'गीतांजली' हे याचे ठळक उदाहरण होय. तिच्या १०३ कवितांपैकी जवळपास निम्म्याच १९१० च्या बंगाली 'गीतांजली'तील आहेत. उरलेल्या 'नैवेद्य', 'खेया', 'गीतिमाल्य' आदी संग्रहांतून घेतलेल्या आहेत. मूळ रचना छंदोबद्ध, यमकयुक्त आणि बहुतांशी गेय होत्या. इंग्रजीत त्या संथ, प्राचीन वळणाच्या, बायबलची आठवण करून देणाऱ्या गद्यात आल्या. 'क्षणिका'तील खेळकरपणा, 'गोरा'तील अस्मितेचा संघर्ष, कथांमधील खेड्यातील जीवन यांचा त्या पुस्तकावरून अंदाजही येत नाही. इंग्रजी वाचकापुढे आलेला माणूस शुभ्र दाढीचा ऋषी होता. कादंबरीकार, विनोदकार आणि शिक्षणचिंतक रवींद्रनाथ मागे राहिले.

या रूपांतराची जबाबदारी केवळ पाश्चात्त्यांवर टाकणे अन्यायाचे ठरेल. अनुवाद खुद्द रवींद्रनाथांनी केले होते. इंग्रजी वाचकाची रुची ओळखून त्यांनी स्वतःच्याच कवितेला मुरड घातली, हे महाश्वेता सेनगुप्ता यांनी दाखवून दिले आहे. नोबेलच्या मानपत्रातही कवीने आपल्या इंग्रजी शब्दांत मांडलेले काव्य पश्चिमेच्या साहित्याचा भाग झाल्याचा गौरव आहे. म्हणजेच सन्मानाच्या क्षणीच बंगाली मूळ बाजूला सारले गेले होते.

ओहोटीची कारणे

ओहोटी फार लवकर सुरू झाली. पाउंड यांचा उत्साह १९१३ च्या पूर्वार्धातच मावळू लागला. १९३५ मध्ये रोथेनस्टाइन यांना लिहिलेल्या पत्रात यीट्स यांनी रवींद्रनाथांवर चिडून टीका केली. पहिली तीन पुस्तके चांगली होती, नंतर भावविवश आणि निकृष्ट अनुवाद काढून कवीने स्वतःची कीर्ती घालवली, कोणाही भारतीयाला इंग्रजी येत नाही, असा त्या टीकेचा आशय होता.

या टीकेत तथ्य मुळीच नाही असे नाही. 'द गार्डनर' आणि 'द क्रेसेंट मून' १९१३ मध्ये, 'फ्रूट गॅदरिंग' आणि 'स्ट्रे बर्ड्स' १९१६ मध्ये, असे संग्रह पाठोपाठ आले आणि त्यांत एकसुरीपणा वाढत गेला. परंतु एकट्या अनुवादांनी ओहोटीचा उलगडा होत नाही. त्यात आणखी दोन कारणांची भर घालावी लागते. पहिले कारण वाङ्मयीन अभिरुचीतील बदलाचे आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजी कविता तुटक, उपरोधिक आणि शहरी झाली. १९२२ च्या 'द वेस्ट लँड'नंतर संथ भक्तिगद्याला जागा उरली नाही. त्याच कवितेत बृहदारण्यक उपनिषदाचा आधार आहे, हे मात्र विसरता कामा नये. एलियट यांनी हार्वर्डमध्ये संस्कृतचे शिक्षण घेतले होते. भारताविषयीची आस्था संपली नव्हती, तिची रीत बदलली होती.

दुसरे कारण राजकीय आहे. ऋषी म्हणून स्वीकारलेला कवी १९१६ मध्ये जपान व अमेरिकेत राष्ट्रवादावर कठोर व्याख्याने देऊ लागला. जालियनवाला बाग हत्याकांडानंतर १९१९ मध्ये त्याने 'सर' ही पदवी परत केली. सांत्वन करणारा पूर्वेचा साधू प्रश्न विचारू लागताच त्याचे आकर्षण कमी झाले.

यीट्स यांच्या पत्राच्या काळाकडेही लक्ष द्यावयास हवे. १९३५ मध्ये एकीकडे ते रवींद्रनाथांच्या इंग्रजीवर चिडत होते, तर दुसरीकडे त्याच वर्षाच्या अखेरीस पुरोहित स्वामींसह माजोर्का बेटावर उपनिषदांच्या अनुवादाला बसले होते. पूर्वीचे अनुवाद पंडिती व बोजड असल्याची त्यांची तक्रार होती आणि स्वामींच्या साह्याने ते स्वच्छ इंग्रजी घडवू पाहत होते. त्यांनी भारत सोडला नव्हता, फक्त भारतीय बदलला होता. ओहोटी म्हणून जी दिसते ती पुष्कळदा पात्रबदल असते, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

सर्वत्र एकच चित्र नाही

ही मीमांसा सर्व पाश्चात्त्य जगाला सरसकट लावता येत नाही. इंग्लंडमध्ये उतार लागला असताना पराभूत जर्मनीत १९२१ च्या दौऱ्यात रवींद्रनाथांचे अभूतपूर्व स्वागत झाले. फ्रेंचमध्ये आंद्रे जीद यांच्यासारख्या लेखकाने 'गीतांजली'चा अनुवाद केला. स्पॅनिश भाषेत झेनोबिया काम्प्रुबी आणि हुआन रामोन हिमेनेझ या दांपत्याने १९१५ पासून सातत्याने अनुवाद केले आणि तेथील प्रभाव दीर्घकाळ टिकला. पाब्लो नेरूदा यांनी १९२४ च्या संग्रहात 'द गार्डनर'मधील एका कवितेचे रूपांतर केले. १९४२ मध्ये वॉर्सा येथील ज्यू वस्तीत यानुश कोर्चाक यांनी अनाथ मुलांकडून 'डाकघर' करवून घेतले. मृत्यूच्या छायेतील त्या मुलांना अमलची गोष्ट कळण्यासाठी पूर्वेच्या गूढतेची आवश्यकता नव्हती. जेथे कलाकृती कलाकृती म्हणून पोहोचली, तेथे ती टिकली, असे यावरून म्हणता येते.

मराठीच्या संदर्भात

या चर्चेचा आपल्याशी निकटचा संबंध आहे. महाविद्यालयीन वर्गात रवींद्रनाथांचा परिचय बहुधा नोबेलविजेते या विशेषणाने होतो आणि उत्तरपत्रिकेतही तेच पहिले वाक्य असते. इंग्रजी 'गीतांजली'लाच मूळ मानून विद्यार्थी तिचे रसग्रहण करतात. पश्चिमेने ज्या चष्म्यातून पाहिले आणि नंतर जो चष्मा काढून ठेवला, तो आपण अद्याप वापरत आहोत.

याउलट शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची उदाहरणे पाहावीत. त्यांना पश्चिमेची मान्यता लाभली नव्हती, तरी मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे ते मराठी घराघरांत पोहोचले. पु. ल. देशपांडे यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर शांतिनिकेतनात राहून बंगाली आत्मसात केली. 'वंगचित्रे' हे पुस्तक त्याचे फलित होय. नवलाईपेक्षा अशा श्रमांवर आधारलेल्या आस्थेला ओहोटी क्वचितच लागते.

आज हाच प्रश्न दलित साहित्याच्या बाबतीत उभा आहे. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'चा माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये, तर दया पवार यांच्या 'बलुतं'चा जेरी पिंटो यांनी केलेला अनुवाद २०१५ मध्ये आला. ही निश्चितच स्वागतार्ह घटना आहे. परंतु ही पुस्तके केवळ अत्याचाराचा पुरावा म्हणून वाचली गेली, तर 'बलुतं'मधील आत्मोपहास, बोलीचे पोत आणि निवेदनातील दुभंग यांचे वाचन होणारच नाही. ऋषीच्या जागी साक्षीदार बसेल आणि साक्ष ऐकून झाल्यावर श्रोते उठून जातील. तसे झाल्यास त्या कृतींचे मूल्य सांगण्याची जबाबदारी मराठी समीक्षेची राहील.

निष्कर्ष

१. पाश्चात्त्य आस्थेचा उगम बहुधा तेथील समाजाच्या आंतरिक गरजेत असतो. गरज बदलली की आस्थेचा विषय बदलतो.

२. ओहोटीची बीजे भरतीतच असतात. अनुवादासाठी झालेली निवड आणि कवीला बहाल केलेली भूमिका त्याच्या पुढील उपेक्षेला कारण होते.

३. स्वतःला अपेक्षित साच्यात बसवून घेणारा लेखकही या प्रक्रियेत सहभागी असतो. त्यामुळे केवळ वसाहतवादाकडे बोट दाखवून विश्लेषण पूर्ण होत नाही.

४. पश्चिमेची मान्यता किंवा तिचे विस्मरण यांपैकी कोणतीही गोष्ट वाङ्मयीन मूल्याचे प्रमाण ठरू शकत नाही. भारतीय भाषांतील परस्पर अनुवाद आणि मूळ भाषेचे अध्ययन हाच त्यावरील खात्रीचा उपाय आहे.

५. पुरोहित स्वामींसारख्या मराठीभाषक लेखकाच्या इंग्रजी कार्याची नोंद मराठी वाङ्मयेतिहासाने स्वतःच्या निकषांवर घेणे आवश्यक आहे. यीट्स यांचे सहकारी एवढीच त्यांची ओळख राहिली, तर आपली दृष्टीही त्याच भरती-ओहोटीवर अवलंबून असल्याचे सिद्ध होईल.