पोरांनी आई-बाबांना पटवलं. पुढे काय?

शाळेत मुलं हवामान बदलाबद्दल शिकली, तर घरच्या मोठ्यांवर त्याचा काही परिणाम होतो का? माझ्या विषयात या प्रश्नावर बोलताना एक शोधनिबंध हमखास पुढे केला जातो. डॅनिएल लॉसन आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २०१९ साली 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये आला. आज त्याच्याबद्दल थोडं सांगतो, आणि थोडं भांडतोही.

आधी काम काय आहे ते बघू. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याचा किनारपट्टीचा भाग. तिथल्या काही माध्यमिक शाळांत शिक्षकांनी हवामान बदलाचा खास अभ्यासक्रम शिकवला, काहींनी नाही. अभ्यासक्रमात परिसरातला प्रकल्प होता आणि मुलांनी पालकांची मुलाखत घ्यायची होती. आधी आणि नंतर, मुलं आणि पालक दोघांनाही प्रश्नावली दिली. निष्कर्ष असा की अभ्यासक्रम शिकलेल्या मुलांच्या पालकांची काळजी जास्त वाढली. त्यातही वडिलांची आणि राजकीयदृष्ट्या पुराणमतवादी पालकांची विशेष वाढली, आणि मुलग्यांपेक्षा मुलींनी घरच्यांना जास्त पटवलं.

काम नेटकं आहे, यात वाद नाही. तुलनेसाठी दुसरा गट ठेवलाय. शिवाय जिथे हवामान बदल हा पक्षीय भांडणाचा विषय आहे, तिथे पोटच्या पोराचं बोलणं बाप ऐकून घेतो, हे दाखवणं छोटं नाही.

पण मोजलं काय, ते नीट बघा. मोजली ती काळजी. परिसरातल्या प्रकल्पामुळे परिसरात काय बदललं, हा या निबंधाचा प्रश्नच नव्हता. तो नसणं हा निबंधाचा दोष नाही. दोष आपला आहे, कारण आपण हा निबंध 'मुलांना सहभागी केलं की समाज बदलतो' याचा पुरावा म्हणून वापरतो. आणि आपल्याकडे अडचण काळजीची आहे का? पेरणीनंतर पावसाने महिनाभर दडी मारली, तर शेतकऱ्याला काळजी करायला पोराने शिकवावं लागत नाही.

म्हणून मला इथे रॉजर हार्टची शिडी जास्त कामाची वाटते. हार्टने १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या. खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही: मुलांचा वापर, मुलांची सजावट आणि नावापुरती हजेरी. सजावट म्हणजे काय? कशासाठी आलोय हे माहीत नसताना मुलांना घोषणा छापलेले टी-शर्ट घालून कार्यक्रमात उभं करणं. आता आपली वृक्षदिंडी आठवा. घोषणा मोठ्यांनी लिहिलेल्या, खड्डे आधीच खणलेले, फोटो पाहुण्यांसोबत. रोप जगलं का, हे विचारायला परत कोण येतं?

हार्टचं म्हणणं असंही नाही की प्रत्येक वेळी मुलांनीच सगळं ठरवावं. मोठ्यांनी काम ठरवलं तरी चालेल, पण मुलांना त्याचं कारण कळायला हवं आणि त्यांच्या म्हणण्याला वजन हवं.

खरी अडचण इथेच आहे. गावाचा निर्णय ग्रामसभेत होतो आणि ग्रामसभेचे सदस्य म्हणजे मतदार यादीत नाव असलेले लोक. नववीतली मुलगी त्या यादीत नाही. मग तिचं काम तिथे पोचणार कसं?

एक वाट दिसते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पावसाच्या नोंदींवरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून पिकं ठरतात. समजा तुमच्या गावच्या शाळेने पर्जन्यमापक बसवला. मुलांनी रोज पाऊस नोंदवला, चार विहिरींची पातळी दर महिन्याला मोजली, आणि ते आकडे मुलांनीच ग्रामसभेत वाचून दाखवले. मत देता येणार नाही, पण मोठ्यांना त्या आकड्यांवर बोलावं तर लागेल. यात धोकाही आहे: आकडे घेतले आणि मुलांना घरी पाठवलं, तर तोही 'वापर'च. म्हणून निर्णय काय झाला आणि का झाला, हे वर्गात येऊन सांगायची जबाबदारी सरपंचांवर किंवा ग्रामसेवकांवर हवी.

माझ्या मते, पुढच्या संशोधनात हेच मोजलं पाहिजे. पालकांची काळजी किती वाढली हे मोजा, जरूर मोजा. पण मुलांनी मांडलेल्या किती गोष्टींवर गावाने निर्णय घेतला, आणि नाही घेतला तर कारण मुलांना सांगितलं का, हेही विचारा.

तोवर तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल, तर एवढं करा. शाळेचा पुढचा पर्यावरणाचा कार्यक्रम झाला की कुठल्याही एका पोराला विचारा, 'हे कशासाठी केलं आणि कोणी ठरवलं?' शिडीची पायरी उत्तरातच कळेल.