निसर्गाच्या कुशीत, दोन रात्री तीन दिवस

मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत महाकाव्याला प्रकरण आहे, बखरीला आहे, लावणी-पोवाड्याला आहे; फार कशाला, पत्रवाङ्मयालाही आहे. पण आज मध्यमवर्गीय घरांत जे सर्वांत आवडीनं, मोठ्यानं आणि एकमेकांना दाखवून वाचलं जातं, त्या वाङ्मयाची दखल एकाही समीक्षकानं घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. मी रिसॉर्टच्या माहितीपत्रकाविषयी बोलतो आहे. एखाद्या कवितासंग्रहावरून नवराबायकोत रात्री अकरापर्यंत चर्चा झाल्याचं कुणी ऐकलं आहे काय? माहितीपत्रकावरून होते, आणि ती पैसे भरूनच संपते. मम्मटानं काव्याची जी प्रयोजनं सांगितली त्यांत अर्थप्राप्ती आहेच. ती कवीला व्हावी अशी त्याची कल्पना होती, एवढाच काय तो फरक.

पूर्वी हे वाङ्मय गुळगुळीत कागदावर, तीन घड्या घालून यायचं. हल्ली ते व्हॉट्सॲपवर येतं आणि मागे बासरी वाजत असते. आम्हा कल्याणकरांवर त्याचा मारा जरा जास्त. कारण आमचं गाव निसर्गाचं फाटक आहे. एक रस्ता मुरबाड, टोकावडे, वैशाखरे करीत माळशेज घाटानं वर चढतो, दुसरा शहापूरवरून कसाऱ्याकडे जातो, तिसरा बदलापूरवरून कर्जतकडे. तिन्ही रस्त्यांवर निसर्गाचे फलक आहेत आणि प्रत्येक फलकावर बाण आहे. इतके बाण भीष्माचार्यांनाही लागले नसतील. तेव्हा या वाङ्मयाचं परीक्षण करायचा अधिकार कल्याणच्या माणसाचा आहे, असं मी नम्रपणे म्हणतो आणि कामाला लागतो.

प्रथम मंगलाचरण. ते ठरलेलं असतं : 'शहराच्या धकाधकीपासून दूर'. लगेच दुसरी ओळ : 'अवघ्या दीड तासावर'. हा दीड तास कोणत्या वारी, कोणत्या वाहनानं आणि कोणत्या युगात, याचा खुलासा नसतो. शनिवारी सकाळी शहाडचा पूल ओलांडून म्हारळ, वरप, कांबा मागे टाकीपर्यंत दीडातला एक तास आणि तापातला निम्मा संयम खर्ची पडतो. पुढे शहराची धकाधकी आपल्यापासून दूर राहत नाही, कारण तीही सहकुटुंब त्याच रिसॉर्टला निघालेली असते. पण काव्यात कालगणना सैल असायचीच. याबद्दल मी कवीला दोष देणार नाही.

नंतर विशेषणं. निसर्गरम्य, नयनरम्य, हिरवागार, घनदाट, अस्पर्श. त्यांत 'कुशीत' हा शब्द प्रमुख. निसर्गाच्या कुशीत, सह्याद्रीच्या कुशीत, डोंगरांच्या कुशीत. सह्याद्री मोठा पर्वत आहे आणि त्याला कुशी पुष्कळ आहेत, हे मान्य. पण या कुशीत वातानुकूलित खोली असते, मोफत वायफाय असतं, डीजे असतो आणि दुपारी बाराला खोली सोडावी लागते. आपल्या आयांनी आपल्याला एवढ्या सोयी दिल्या नव्हत्या. मात्र बाराला कुशीतून उठवलंही नव्हतं.

आता अलंकार. अतिशयोक्ती आहेच, पण तिच्यावर मी वेळ घालवीत नाही. या वाङ्मयाचा खरा अलंकार आहे अपन्हुती. शाळेत आपण तो पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरलो. समोर जे आहे ते नव्हेच म्हणायचं आणि त्याच्या जागी दुसरंच काही बसवायचं. मुख नव्हे, हा चंद्र. माहितीपत्रकात हा अलंकार पानोपानी भेटतो : हे हॉटेल नव्हे, हे तुमचं दुसरं घर, ही सुट्टी नव्हे, हा अनुभव, हे जेवण नव्हे, ही गावरान मेजवानी. अपन्हुती या शब्दाचा मूळ अर्थ झाकणं, लपवणं. म्हणजे व्याकरणाच्या बाईंनी आपल्याला सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. तेव्हा समीक्षकाचं काम उरतं एवढंच, की काय झाकलं आहे ते पाहणं.

चुलीपासून सुरुवात करू. 'चुलीवरचं जेवण' हे या साहित्यातलं भरतवाक्य. २०१६ साली केंद्र सरकारनं उज्ज्वला योजना काढली, ती खेड्यातल्या बायकांचे डोळे आणि छाती धुरातून सुटावी म्हणून. तिच्या घरी गॅस आला. आणि त्याच बाईला आता आपण शनिवार-रविवार रिसॉर्टच्या चुलीपुढे बसवली आहे, आपल्या भाकरीला धुराचा वास यावा म्हणून. घराचंही तेच. गावात घरकुल मंजूर झालं की माणूस मातीची भिंत पाडून सिमेंटचा स्लॅब घालतो आणि पेढे वाटतो. त्याच्याच बांधाला लागून आपण 'मड हाउस' उभं करतो आणि त्याला एसी लावतो. भिंतीवर वारली चित्र असतं. त्यातली त्रिकोणी माणसं फेर धरून नाचत असतात. कुठे कुठे शनिवारी संध्याकाळी खरा तारपाही वाजवून मिळतो. तारपा सुगीचा, पीक घरात आल्याच्या आनंदाचा. इथे तो साडेआठच्या बुफेच्या आधी अर्धा तास. सुगी कुणाची झाली, हे विचारू नये.

आता व्याकरण. या गद्यात एक चमत्कार आहे : त्यात कर्ता नाही. 'वीस एकर परिसर विकसित करण्यात आला आहे.' 'झाडांची लागवड करण्यात आली आहे.' 'पाहुण्यांची काळजी घेतली जाते.' कोणी केलं, कोणी घेतली? सगळा कर्मणी प्रयोग. तहसील कचेरीतल्या उत्तरातसुद्धा कधीतरी शिरस्तेदार डोकावतो. इथे माणूस म्हणून दिसत नाही. जमीन होती, ती अस्पर्श होती, आणि एके दिवशी ती विकसित झाली.

ही शैली आजची नव्हे. तिचे आद्यकवी ठाण्याचे कलेक्टर. १८५० साली ह्यू मॅलेट या साहेबांनी चौक गावाच्या बाजूनं डोंगर चढून माथेरानचा 'शोध' लावला, असं आपण सहलीच्या निबंधात लिहीत आलो. शोध लागण्यापूर्वी त्या डोंगराला नाव होतं, वर जायला पायवाट होती आणि धनगरांची वस्ती होती. पण वस्तीतल्या माणसाला आपण राहतो ती जागा सापडली, असं म्हणता येत नाही. ती आधी हरवावी लागते. तरी माथेराननं स्वतःला बरंच सांभाळलं. तिथे १९०७ साली छोटी रेल्वे चढली, मोटारींना गावाबाहेरच थांबवलं आणि २००३ साली केंद्रानं तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. बाकीच्या डोंगरांना शोधक भेटले, पण दस्तुरीचं नाकं मिळालं नाही.

हा गैरहजर कर्ता मला एकदा प्रत्यक्ष भेटला. मुरबाडच्या पुढे एका ठिकाणी आम्ही एका मे महिन्यात दोन रात्री तीन दिवस काढले. हिरवळीवर खुर्च्या होत्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन एक विशीतला मुलगा आला. रिकामा वेळ असला की मध्यमवर्गीय माणूस दुसऱ्याचं गाव विचारतो, तसं मी विचारलं.

"कुठला रे तू?"

"इथलाच, काका."

"इथला म्हणजे? जवळपास गाव आहे?"

"नाही, इथलाच," तो म्हणाला आणि माझ्या खुर्चीकडे त्यानं बोट दाखवलं. "हे तुम्ही बसलाय ना, इथं आमचं खळं होतं."

मी नकळत पाय वर घेतले. तो हसला. "बसा हो. आता काय लॉनच आहे." मग पाण्याचा विषय निघाला. पाड्यावर टँकर येतो म्हणाला, कधी दिवसाआड, कधी दोन दिवसांआड. आई हंडे घेऊन रांगेला असते. त्याच्या पाठीमागे निळं तळं चमकत होतं आणि त्यात आमच्या गटातले एक जण दोन तास न हलता पडून होते. त्या तळ्याचं माहितीपत्रकातलं वर्णन असं, की ते क्षितिजात विरघळतं. दुसऱ्या कुणाची तहान कुठे विरघळते, ते लिहायला जागा पुरली नसावी.

आता रिसॉर्टवाल्यांवरच सगळं ढकलून आपल्याला मोकळं होता येणार नाही. पाणी नेण्याची रीत त्यांच्याआधी आपण घातली. तानसा तलाव १८९२ साली पुरा झाला, तो शहापूर तालुक्यात. भातसा धरणही तिथलंच. मुंबई-ठाण्याचे नळ त्यांच्यावर चालतात, आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर फिरतात. मुरबाडकडच्या बारवी धरणाचं पाणी कारखान्यांना आणि इकडच्या शहरांतल्या घरांना येतं. त्या धरणाखाली माणसांची गावं गेली. आधी आपण त्यांचं पाणी शहरात आणलं, मग उरलेलं पाहायला आपण तिकडे गेलो, आणि जाताना पोहण्याचा पोशाख घेतला.

या प्रवासात कल्याण-डोंबिवलीत एक मोठी कृषिक्रांती झाली, तीही नोंदवायला हवी. १९४८ च्या कुळकायद्यानं बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. कायदा कुळाच्या बाजूनं केला होता. त्यामुळे जमिनीची ओढ लागलेल्या कित्येक सद्गृहस्थांना आपण मुळात शेतकरीच असल्याचं एकाएकी आठवलं. कुणाच्या आजोबांचं कोकणात कलमांत नाव निघालं, कुणाच्या काकांचा सातबारा सापडला. जन्मभर लोकलच्या दारात लोंबकळलेला माणूस साठीला बळिराजा झाला आणि रविवारी गमबूट घालून स्वतःचाच आंबा मोजू लागला. ज्याच्याकडून त्यानं जमीन घेतली तो मात्र त्याच कुंपणाशी वॉचमन झाला, आणि त्याचा कागदोपत्री धंदा बदलला. शेतकऱ्यांची संख्या कायम राहिली.

"पण रोजगार मिळतो ना?" असा प्रश्न येईल, आणि तो योग्य आहे. मिळतो. तो मुलगा बाटल्या वाहून महिन्याला जे मिळवत होता ते खळ्यावर मिळत नव्हतं, हे त्यानंच मला सांगितलं. जमीन विकली नसती तर त्याच्या बहिणीचं लग्न झालं नसतं, हेही. गावानं आपल्यासाठी गरीब आणि चित्रासारखं राहावं, असं म्हणणारा समीक्षक मी नव्हे. ती दुसरी अपन्हुती होईल. माझं म्हणणं एवढंच, की नोकरी देताना त्याचं नाव का काढून घ्यावं? माहितीपत्रकात तो 'तत्पर कर्मचारीवर्ग' आहे, त्याचं खळं 'विस्तीर्ण हिरवळ' आहे आणि त्याची आई कुठेच नाही. २०२० साली राज्यानं कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात निदान कल्पना सरळ आहे : शेत शेतकऱ्याचं, घर त्याचं, आणि पाहुणा तो पाहुणा. तिथे वाक्याला कर्ता मिळायची शक्यता तरी आहे.

याच रस्त्यावर, वैशाखऱ्याच्या वर, या विषयावरचा एक जुना मजकूर दगडात कोरलेला आहे. नाणेघाट. कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच घाटानं जुन्नरला चढायचा. वर लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञ किती केले, गाई किती दिल्या, घोडे-हत्ती किती, कार्षापणं किती, याचे आकडे आहेत. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, त्या कधीच गेल्या; वर कोरलेली नावं राहिली. दिलं काय आणि दिलं कुणी, एवढं सांगणारा मजकूर अशी मी त्याची समीक्षा करीन. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकीत असं म्हणतात. अर्थात रांजणापाशी उन्हात उभा राहणाऱ्याचं नाव तिथेही नाही. वाङ्मयातला हा दोष फार जुना आहे.

शेवटी समीक्षकानं या प्रकारातली उत्कृष्ट कृती कोणती, ते सांगायचं असतं. मी बरंच वाचून एक निवडली आहे. माळशेजच्या रस्त्याला एका घराच्या पडवीत ती खडूनं लिहिलेली होती. 'आमच्या येथे जेवण मिळेल. आधी सांगावे.' विशेषण एकही नाही. कुशी नाही, क्षितिज नाही. पहिल्याच शब्दात कर्ता हजर : आमच्या येथे. आणि 'आधी सांगावे' या दोन शब्दांत सगळी परिस्थिती आली : भाकरी करणारी बाई एकच आहे, तिला शेतावरही जायचं आहे, आणि पाणी विहिरीवरून आणायचं आहे.

पावसाळ्यात बरीच मंडळी तिकडे जाणार आहेत. त्यांनी आधी सांगावे.