‘डेअरडेव्हिल’ : पडद्यावरचे पापनिवेदन आणि पडद्यासमोरचे आपण

एखाद्या कलाकृतीचे मूल्यमापन करताना समीक्षकाची दृष्टी बहुधा कलाकृतीवर खिळलेली असते. तिच्यासमोर बसलेल्या माणसांकडे ती सहसा वळत नाही. पुस्तकाच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. परंतु घराघरांत शिरणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकेच्या बाबतीत प्रेक्षकाचा प्रतिसाद हा त्या कलाकृतीच्या जीवनाचाच एक भाग असतो. तो प्रतिसाद तपासला म्हणजे मालिकेबद्दल जेवढे कळते, तेवढेच पाहणाऱ्याबद्दलही कळते. या दृष्टीने ‘डेअरडेव्हिल’ ही अमेरिकन मालिका आणि तिला मिळालेला प्रतिसाद, विशेषतः कॅथलिक प्रेक्षकांचा प्रतिसाद, विचारात घेण्याजोगा आहे.

दि. १० एप्रिल २०१५ रोजी नेटफ्लिक्सने या मालिकेचे तेरा भाग एकदम प्रदर्शित केले. ही सेवा भारतात जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर आपल्याकडील तरुण मंडळींनाही ती पाहावयास मिळाली. कथेचा नायक मॅट मर्डॉक हा न्यूयॉर्कमधील हेल्स किचन या वस्तीतला वकील. एका वृद्धाला अपघातातून वाचविताना विषारी रसायनामुळे लहानपणीच त्याची दृष्टी गेली. मात्र उरलेली इंद्रिये विलक्षण तीव्र झाली. बाप मुष्टियोद्धा, ठरवून हरण्याचे नाकारल्यामुळे त्याचा खून झाला. दिवसा न्यायालयात गोरगरिबांची बाजू मांडणारा मॅट रात्री मुखवटा चढवून गुंडांशी दोन हात करतो. आणि तो कॅथलिक आहे. हे कॅथलिकपण केवळ नावापुरते नाही. ते कथेच्या मध्यभागी आहे.

या मालिकेसमोर बसलेल्या दोन प्रेक्षकवर्गांना तिच्यात आपला चेहरा दिसला. पहिला वर्ग अंध व्यक्तींचा, दुसरा कॅथलिकांचा. दोघांचे प्रतिसाद शेजारी ठेवून पाहिले असता जो फरक दिसतो, तो आपणास अंतर्मुख करावयास लावणारा आहे.

आधी पहिल्या वर्गाविषयी. ‘डेअरडेव्हिल’ ही मुळात चित्रकथा. स्टॅन ली व बिल एव्हरेट यांनी ती १९६४ मध्ये सुरू केली. अंध माणसाला असा अचाट नायक केल्याने अंध व्यक्ती दुखावतील की काय, अशी धास्ती आपल्याला वाटत होती, असे स्टॅन ली यांनी पुढे सांगितले आहे. प्रत्यक्षात अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडून कौतुकाची पत्रे आली. ती चित्रकथा अंध व्यक्तींना वाचून दाखविली जात होती आणि त्यांना ती आवडत होती. म्हणजे या नायकाचे अंध चाहते पहिल्यापासून होते. तथापि कुणी तरी वाचून दाखविल्याशिवाय तो त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता.

पन्नास वर्षांनी हाच प्रसंग नव्या रूपाने घडला. अंध नायकाची मालिका प्रदर्शित झाली खरी, परंतु अंध प्रेक्षकाला ती समजण्याची काहीही सोय नव्हती. दृश्यप्रधान मालिकेत बराच काळ कुणी बोलतच नाही; ठोशांचे, धावण्याचे, दार आपटल्याचे आवाज तेवढे येतात. कोण पडले, कोण उठले, हे ऐकणाऱ्याला कसे कळावे? याला उपाय आहे, त्याला श्राव्य वर्णन म्हणतात. संवादांच्या मधल्या रिकाम्या जागांत एक निवेदक पडद्यावरील हालचाल, चेहऱ्यावरील भाव, बदललेले स्थळ थोडक्यात सांगत जातो. अंध व्यक्तींनी व त्यांच्यासाठी झटणाऱ्यांनी ही सोय मागितली, मालिकेतील विसंगती जाहीरपणे दाखविली, आणि मालिका आल्यानंतर चौथ्याच दिवशी, १४ एप्रिलला, नेटफ्लिक्सने श्राव्य वर्णन सुरू करीत असल्याची घोषणा केली. आरंभ ‘डेअरडेव्हिल’पासूनच झाला. पुढल्या वर्षी अमेरिकेतील अंधांच्या संघटनांशी रीतसर करार होऊन ही सोय कितीतरी अधिक कार्यक्रमांपर्यंत पोहोचली.

मार्कच्या शुभवर्तमानातील बार्तीमयाची येथे आठवण होते. यरीहोच्या वाटेवर बसलेला तो आंधळा ओरडू लागला, तेव्हा भोवतालच्या लोकांनी त्याला गप्प बसावयास सांगितले. तो अधिकच मोठ्याने ओरडला. प्रभू थांबला, आणि त्याला काय हवे आहे हे त्याने त्यालाच विचारले. बार्तीमयाचे उत्तर तयार होते. आपणास नेमके काय हवे, हे त्याला ठाऊक होते.

अंध प्रेक्षकांची नजर स्तुतीने झाकळली नाही, हेही नमूद केले पाहिजे. नायकाची इंद्रिये इतकी तीव्र की तो डोळसांहून अधिक ‘पाहतो’. मग याला अंधत्व कसे म्हणावे, असा आक्षेप घेतला गेला. अंध माणसाला आदर मिळण्यासाठी अद्भुत शक्तीच हवी काय, असाही प्रश्न विचारला गेला. दुसरीकडे, ती भूमिका करणारा डोळस नट चार्ली कॉक्स याने घेतलेल्या मेहनतीचा गौरवही झाला. अमेरिकेतील अंधांसाठीच्या प्रतिष्ठानाने २०१५ मध्येच त्याला हेलन केलर यांच्या नावाचा पुरस्कार दिला. प्रेम, आक्षेप आणि मागणी ही तिन्ही एकाच प्रतिसादात नांदू शकतात, याचा हा वस्तुपाठ होय.

आता आपला वर्ग. मालिकेच्या पहिल्याच भागात मॅट पापनिवेदनासाठी फादर लँटम यांच्यासमोर बसलेला दिसतो. हे दृश्य पाहून कॅथलिक प्रेक्षक सुखावला, त्यात नवल नाही. लोकप्रिय करमणुकीने आपला धर्म बहुधा सजावटीसाठी वापरला आहे. भुते काढावयाची असली की झगा घातलेला धर्मगुरू येतो. १९७२ च्या ‘द गॉडफादर’मध्ये बाप्तिस्म्याच्या विधीशी खुनांची मालिका गुंफलेली आहे. आपल्या हिंदी चित्रपटांत १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील पाद्रीबाबांसारखी प्रेमळ, परंतु साच्यातली पात्रे येतात आणि मेणबत्त्यांच्या उजेडात विरून जातात. या पार्श्वभूमीवर पीटर मॅक्रॉबी यांनी साकारलेले फादर लँटम वेगळे वाटतात. ते विद्वान आहेत, थोडे थकलेले आहेत, येणाऱ्याला कॉफी करून देतात आणि ऐकण्याची घाई करीत नाहीत. पापनिवेदनाची गुप्तता त्यांना प्राणांहून प्रिय आहे. असा धर्मगुरू आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला असतो. पडद्यावर मात्र तो क्वचितच येतो.

म्हणून स्तुती झाली. परंतु स्तुती करताना आपण काय ऐकले आणि काय ऐकावयाचे सोडून दिले?

त्या पहिल्या प्रसंगात मॅट आपण केलेल्या पापांची क्षमा मागत नाही. आपण जे करणार आहोत, त्याची क्षमा आगाऊ मागतो. संवाद मोठा चटकदार आहे, आणि तो चाहत्यांच्या ओठी बसला. पण लहान मुलालाही पहिल्या कुमसाराच्या तयारीत शिकविले जाते की पश्चात्तापात पुन्हा पाप न करण्याचा निर्धार अंतर्भूत असतो. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या १४५१ व्या परिच्छेदात हीच व्याख्या आहे. ज्याचा निर्धार पाप करण्याचाच आहे, त्याला पापमुक्ती कशी मिळावी? फादर लँटम हे तत्काळ ओळखतात. हा संस्कार असा चालत नाही, एवढेच सांगून तो काय करणार आहे ते विचारतात. लेखकांना धर्मशास्त्र कळले होते. चाहत्यांना मॅटचे वाक्य आठवते, फादरांचे उत्तर आठवत नाही. हा दोष मालिकेचा नव्हे, ऐकणाऱ्याचा आहे.

परंतु मालिकेचाही दोष आहे. दुसऱ्या भागात पळवून नेलेल्या मुलाचा ठावठिकाणा काढण्यासाठी मॅट एका गुंडाचा गच्चीवर छळ करतो, सुरा कोठे खुपसावा हे एका परिचारिकेकडून समजून घेतो, आणि यात आपणास आनंद वाटतो अशी कबुली त्या गुंडासमोर देतो. नायकाच्या तोंडी असे वाक्य घालणे धाडसाचे आहे. ते खरे पापनिवेदन आहे, फक्त चुकीच्या माणसापुढे केलेले. त्यानंतर लगेच अरुंद बोळातील ती गाजलेली मारामारी येते, मूल सुटते, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवितो. छळातील आनंदाचा प्रश्न त्या टाळ्यांत बुडून जातो. मॅटला खंत आहे, रात्र रात्र आहे. तथापि खंत म्हणजे पश्चात्ताप नव्हे. खंत माणसाला स्वतःभोवती फिरवीत ठेवते. पश्चात्ताप त्याला दुसऱ्याकडे वळवितो: ज्याला दुखविले त्याच्याकडे, आणि देवाकडे. पहिल्या तेरा भागांत खंतीचा गंध दरवळतो. तो कॅथलिक गंध आहे म्हणून आपण खूष झालो.

नवव्या भागातील एक प्रसंग तर विशेष नावाजला गेला. सैतानावर विश्वास आहे काय, असे मॅट विचारतो, तेव्हा फादर लँटम रवांडातील हत्याकांडाची आठवण सांगतात. गावातील एका सर्वमान्य वडीलधाऱ्या माणसाशी तासन्‌तास बोलून मग त्याला कुटुंबासह ठार करणाऱ्या सेनानीच्या ठायी आपण सैतान पाहिला, असे ते म्हणतात. प्रसंग अंगावर काटा आणतो. मात्र १९९४ च्या रवांडाचा इतिहास जाणणाऱ्या कॅथलिकाला त्यात एक मोठी पोकळी जाणवावयास हवी होती. त्या कॅथलिकबहुल देशात आश्रयासाठी चर्चमध्ये धावलेल्या माणसांची चर्चमध्येच कत्तल झाली. एका कॅथलिक धर्मगुरूला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००६ मध्ये या वंशसंहाराबद्दल दोषी ठरविले. आणि मार्च २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या व तिच्या सदस्यांच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा याचिली. मालिकेत सैतान सेनानीच्या डोळ्यांत आहे. आपल्या अंगणातला सैतान तिने दाखविला नाही. तिने तो दाखविला नाही, आणि आपणही विचारले नाही. पापनिवेदनाची कथा आवडणाऱ्या समाजाने स्वतःच्या पापाविषयी गप्प राहावे, हे बोचणारे आहे.

न्यायाने बोलावयाचे तर ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पर्वाने या उणिवेची बरीच भरपाई केली. जखमी मॅट चर्चच्या तळघरात पडून आहे, ईयोबाच्या कथेवर चिडलेला आहे, देवावर रुसलेला आहे. त्याची शुश्रूषा करणारी सिस्टर मॅगी ही त्याची जन्मदात्री असल्याचे त्याला उशिरा कळते. फादर लँटम यांना ते ठाऊक होते, हेही कळते. एरवी आधार देणारे चर्च येथे प्रथमच दुखावणारे ठरते. पुढे एका तरुणीला वाचविताना फादर वेदीच्या परिसरात प्राणघातक वार झेलतात, आणि मरताना मॅटकडेच क्षमा मागतात. पहिल्या भागात क्षमा मागणारा होता मॅट, ऐकणारे होते फादर. येथे जागा बदलल्या. शेवटी खलनायक विल्सन फिस्कला ठार करण्याची संधी हाती असताना मॅट त्याला जिवंत सोडतो. करणार असलेल्या पापाची क्षमा मागणारा माणूस ते पाप न करण्यापर्यंत पोहोचतो. निर्धार यालाच म्हणतात. आरंभीच्या चटकदार संवादाला मालिकेने दिलेले हे उत्तर तिच्या साऱ्या मारामाऱ्यांहून मोलाचे आहे.

नेटफ्लिक्सने २०१८ च्या नोव्हेंबरात मालिका बंद केली, तेव्हा चाहत्यांनी तिच्या पुनरागमनासाठी दीर्घ मोहीम चालविली. मार्च २०२५ मध्ये डिस्ने प्लसवर ‘डेअरडेव्हिल : बॉर्न अगेन’ या नावाने ती परतली. नावातच पुनर्जन्म आहे. निकदेमाला सांगितलेल्या नव्या जन्माची आठवण करून देणारा हा शब्दप्रयोग १९८६ च्या एका गाजलेल्या चित्रकथेवरून आलेला आहे. नाव ख्रिस्ती असले म्हणजे आशय ख्रिस्ती असतोच असे नाही, हे आतापर्यंतच्या विवेचनावरून वाचकांच्या ध्यानी आले असेलच.

कुटुंबांच्या दृष्टीने एक व्यावहारिक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. ही मालिका लहान मुलांसाठी नाही. तिच्यातील हिंसा रक्तरंजित आहे. मोठ्या मुलांनी ती पाहिली असेल, तर नायकाच्या नावातल्या आणि डोक्यावरच्या शिंगांतल्या सैतानावरून वाद घालण्यापेक्षा त्या गच्चीवरच्या प्रसंगाबद्दल त्यांच्याशी बोलणे अधिक उपयुक्त ठरेल. मूल वाचले म्हणून छळ क्षम्य ठरतो काय? त्यात आनंद वाटला, हे मॅटने कुणाला सांगावयास हवे होते? धर्मशिक्षणाच्या वर्गात हे प्रश्न पुस्तकातून विचारले तर मुले जांभया देतील. येथे ती उत्तरासाठी आपणहून भांडतील.

आपल्या समाजाचे चित्रण पडद्यावर आले की आपण आजवर दोनच प्रकारे वागत आलो आहोत. चित्रण प्रतिकूल असले तर निषेध, अनुकूल असले तर कृतज्ञता. दोन्हींत आपले लक्ष आपण कसे दिसतो, एवढ्यावरच असते. अंध प्रेक्षकांनी तिसरी वाट दाखविली. मालिका त्यांना आवडली, तिच्यातले खोटे त्यांनी खोटे म्हटले, आणि नेमके काय हवे ते मागून घेतले. आपणासही लेखक-दिग्दर्शकांकडे काही मागावयाचे असेल, तर ते सुंदर काचचित्रे आणि शहाणे फादर एवढेच नसावे. आपल्या श्रद्धेचे सत्य, तिच्यातील क्षमेची किंमत आणि आपल्या समाजाची पापेसुद्धा, प्रामाणिकपणे दाखवा, असे आपण म्हणावयास हवे. बार्तीमयाला विचारलेला प्रश्न प्रेक्षक म्हणून आपल्यालाही विचारला जात आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या घराघरांत, मालिका संपल्यावरच्या गप्पांतच तयार व्हावयाचे आहे.