वाढवणाऱ्याचा रकाना

मंडळी, हिरकणीवाडीत बसून हिरकणीची गोष्ट सांगायची म्हणजे पंढरपुरात विठ्ठल सांगण्यासारखं आहे. तरी एक गोष्ट बघा. त्या कथेत दूध आहे, बंद झालेला दरवाजा आहे, कडा आहे, महाराज आहेत. बाळाचा बाप कोण, हे आम्हांला लहानपणी कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. कोर्टात मात्र पहिला प्रश्न तोच.

कायद्याचं उत्तर जुनं आहे. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 112. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 116 झालं. वैध लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचं. लग्न संपल्यावर 280 दिवसांत जन्मलं आणि आईनं पुन्हा लग्न केलं नसेल, तर तेही त्याचंच. आता समजा, तिनं त्या मुदतीत दुसरं लग्न केलं आणि मग बाळंत झाली. गर्भ पहिल्या घरचा असला तरी कायदा आधी दुसऱ्या नवऱ्याकडे बोट दाखवतो! गर्भधारणेच्या काळात आपला तिच्याशी संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध केलं तरच त्याची सुटका.

हे कलम मुलावर कलंक लागू नये म्हणून आलं, ही त्याची चांगली बाजू. पण डीएनए आला आणि गाडी अडखळली. नागपूरच्या एका पोटगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 6 जानेवारी 2014 रोजी म्हटलं की चाचणी नवरा बाप नाही असं सांगत असेल, तर गृहीतकापेक्षा विज्ञान मोठं. दिलेली पोटगी परत घ्यायची नाही, एवढी सवलत ठेवली. मुलीचा एक बाप कागदावरून गेला. दुसरा कुणी शोधला नाही. पुढं 2023 मध्ये, पुण्याच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात, न्यायमूर्ती रामसुब्रमणियन आणि नागरत्ना यांनी चाचणीच नाकारली. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करायचा होता. त्यासाठी मुलाला साधन करू नका, असा त्याचा मथितार्थ. आम्हांला हा निकाल जास्त पटतो. पहिल्यात सत्य मिळालं खरं, पण त्याची किंमत ज्या पोरीनं भरली तिनं काही मागितलंच नव्हतं.

तरी दोन्हीकडे मोजमाप दोनच: लग्न आणि रक्त. ज्यानं शाळेत सोडलं, तापात रात्र काढली, त्याला स्वतंत्र रकाना नाही. सावत्र बाप असा कायद्यात जवळजवळ पाहुणाच.

2022 चा एक निकाल आम्ही यासाठी पुन्हापुन्हा वाचतो. तो आंध्रकडचा. नवरा वारल्यावर बाईनं दुसरं लग्न केलं, आजीआजोबांशी वाद झाला. उच्च न्यायालयानं सांगितलं, कागदपत्रांत जन्मदात्याचं नाव दाखवा, आणि ते जमत नसेल तिथं दुसऱ्या नवऱ्याचं नाव ‘सावत्र बाप’ म्हणून लिहा. विचार करा, वर्गात हजेरी घेताना पोरानं ते सोबत घेऊन बसायचं! सर्वोच्च न्यायालयानं हा आदेश क्रूरपणाच्या जवळ जाणारा मानला आणि आडनाव ठरवायचा अधिकार आईला दिला. चांगलंच झालं. पण तिथं जन्मदाता हयात नव्हता आणि दुसऱ्या नवऱ्यानं दत्तकपत्रही नोंदवलं होतं. म्हणजे इथंही वाढवण्याला कागदाचा आधार होताच.

जन्मदाता जिवंत असेल तर? हिंदू दत्तक कायद्यात, 2010 च्या दुरुस्तीनंतर, आई किंवा बाप मूल दत्तक देताना दुसऱ्याची संमती लागते. संन्यास, धर्मांतर, कोर्टानं ठरवलेलं वेड, एवढेच अपवाद. वर्षानुवर्षं तोंड न दाखवलेला बापही नुसतं ‘नाही’ म्हणून हे दत्तक अडवू शकतो. या अपवादांत ‘पोटगी चुकवणारा’ असा शब्द नाही, आणि आमचा आक्षेप नेमका तिथं आहे.

महाराष्ट्रात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांच्या नावात आधी आईचं नाव येतं, मग बापाचं. आईचा रकाना तर भरला. त्याच्यापुढच्या रकान्यात कुणाचं नाव लिहायचं, हे ठरवताना त्या पोराला, निदान कळत्या वयाच्या पोराला, कुणी विचारणार आहे का?