दगडाची नावे, दगडाचा नाद

डॉ. ह. धी. सांकलिया यांचे 'स्टोन एज टूल्स' हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६४ साली काढलेले इंग्रजी पुस्तक नुकतेच पुन्हा वाचले. उपशीर्षकात तंत्रे, नावे आणि संभाव्य उपयोग असा क्रम आहे. हा क्रमच मला या पुस्तकाचा मोठा गुण वाटतो. वस्तू कशी घडली हे आधी; कशासाठी घडली हे शेवटी, आणि तेही 'संभाव्य' म्हणून. एवढा संयम आपल्या वाङ्मयसमीक्षेतही क्वचितच आढळतो.

शाळेत आपण 'आदिमानवाची ओबडधोबड हत्यारे' एवढेच शिकलो. वास्तविक दगड फोडणे निराळे आणि घडवणे निराळे. ज्या काठाचा कोन काटकोनाहून कमी आहे, तिथे गोट्याने नेमका आघात केला तरच पातळ छिलका सुटतो. नेम चुकला तर कधी दगडच दुभंगतो. एका छिलक्याची खूण पुढच्या आघाताची जागा ठरवते. हातकुऱ्हाडीत अशी पुढचे पाहणारी बुद्धी आहे.

माझी तक्रार आहे ती नावांविषयी. क्लॅक्टोनियन, लव्हाल्वा ही इंग्लंड-फ्रान्समधल्या गावांवरून आलेली नावे. तिथला दगड फ्लिंट. आपल्याकडची हत्यारे क्वार्टझाइटची, बेसाल्टची, चुनखडीची. जगाशी बोलायचे म्हणून सांकलियांनी ती नावे घेतली, हे मान्य. पण मराठी वाचक त्यामुळे उंबऱ्याबाहेरच राहिला.

माझ्या लहानपणी कलबुर्गीस पाट्याला टाकी लावायला एक बाई येत. त्या आधी पाटा वाजवून पाहत. "बद्द वाजतोय बघा, आत चीर हाय," म्हणत. टाकी लावणे आणि छिलके काढणे ही कामे वेगळी. पण आधी दगडाचा नाद ऐकणे दोहोंत सारखेच. 'बद्द' हा शब्द शास्त्रात यायला काय हरकत होती?

आमच्या शेजारच्या, आजच्या यादगीर जिल्ह्यातील इसामपूर येथे डेक्कन कॉलेजच्याच डॉ. के. पद्दय्या यांनी पुढे उत्खनन केले. चुनखडीच्या लाद्या, ठोकायचे गोटे, छिलके, अर्धवट हत्यारे असा अख्खा कारखानाच जागेवर सापडला. वय निघाले सुमारे १२ लाख वर्षे. तो कारागीर कानडी नव्हता, मराठीही नव्हता. त्याच्या वारशावर आपल्यापैकी कोणाचाच एकट्याचा हक्क नाही. मात्र त्याच्या कामाचे वर्णन दोन्ही भाषांतल्या घरगुती शब्दांत करण्याची जबाबदारी आपली आहे, आणि ती आपण अजून उचललेली नाही.