‘कमी शक्तीचा’ पदार्थ?

नाशिकला गंगापूर धरणाकाठी कॅम्परव्हॅनमध्ये मुक्काम करायचा, तर पंख्या-फ्रिजसाठी लिथियम-लोह-फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे चार घट एकसर जोडून १२.८ व्होल्टचा बॅटरी-संच करतात. या पदार्थाची ओळख पाधी, नंजुंडस्वामी व गुडइनफ यांच्या १९९७ च्या शोधनिबंधाने करून दिली. शिक्षकांनी तो मुळातून वाचावा.

निबंध प्रामाणिक आहे. दर सूत्रामागे एक लिथियम बाहेर निघायला हवा. निघाला सुमारे ०.६. क्षमता ग्रॅमला १७० ऐवजी १०० ते ११० मिलिअँपिअर-तासच भरली. प्रवाह वाढवला की ती घटते, कमी केला की परत येते, हेही लेखक सांगतात. म्हणजे पदार्थ बिघडत नाही, लिथियमला आत-बाहेर करायला वेळ पुरत नाही.

आमचा आक्षेप पुढच्या वाक्याला आहे. एवढे नेमके निदान हाती असताना हा पदार्थ कमी शक्तीच्या बॅटरीला उत्तम, असे त्यांनी म्हटले. अडचण कणांच्या आकाराची आणि अपुऱ्या विद्युतवहनाची होती. पुढे इतरांनी कण बारीक केले, त्यांवर कार्बनचा लेप दिला. आज याच पदार्थावर मिक्सरच काय, बसही चालते.

वर्गात हा निष्कर्ष झाकून नुसते आकडे द्यावेत आणि मुले काय निष्कर्ष काढतात ते पाहावे.