सलाफहादच्या मुली आणि पुढचा पाठ

मंडळी, अंजनवेलला येऊन ज्यू स्त्रियांच्या धर्मवाचनावर बोलायचं म्हणजे वाकडी वाट, असं काहींना वाटेल. तसं नाही. याच किनाऱ्याने वर निघालात की मुरूड, रेवदंडा, अलिबाग या पट्ट्यात बेने इस्रायल समाज शेकडो वर्षं नांदला. भाषा मराठी, धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. रोहेकर, पेणकर, दिवेकर ही आडनावंही तुमच्याआमच्यासारखी गावांवरून आलेली. तेव्हा विषय परका समजू नये.

आधी ‘पाठ’ म्हणजे काय ते पाहू. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. त्यांचे 54 भाग पाडलेले आहेत. एका भागाला पराशा म्हणतात. दर शब्बाथला सिनेगॉगमध्ये ठरलेला भाग वाचायचा, काही आठवड्यांत दोन जोडून वाचायचे. वर्षाकाठी ग्रंथ पुरा होतो आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

या पाठातून घरच्या आयुष्याला लागणारं काही उचलायचं, ही ज्यू स्त्रियांची जुनी रीत आहे. पोलंडातल्या याकोब बेन इसहाक अश्केनाझी यांनी यिडिश बोलीत ‘त्सेनेरेने’ हा ग्रंथ रचला. त्याची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी आवृत्ती 1622 ची. ज्यांना हिब्रू शिकवलं जात नसे, अशा बायका शब्बाथला घरी तो वाचत. त्यात पाठाच्या क्रमानेच कथा, भाष्य आणि उपदेश येतो. आजही ठिकठिकाणी बायका एकत्र बसतात आणि विचारतात, या आठवड्याच्या पाठात माझ्या सोमवार-मंगळवारसाठी काय आहे?

प्रश्न चांगला आहे. आमची तक्रार उत्तराबद्दल आहे. उत्तर बहुधा एका गोड वाक्यात येतं: विश्वास ठेवा, रागावू नका, देईल तो देईल. वाक्य खोटं नसतं. पण ते सांगायला तो पाठ लागत नाही, कुठल्याही दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर ते मिळतं. आमचं म्हणणं असं की या रीतीचं खरं बळ बोधात नसून क्रमात आहे. पाठ तुम्ही निवडत नाही, तो तुमच्यासमोर येतो.

आपल्या किनाऱ्यावर ही गोष्ट उलट्या बाजूने घडली. इथे आचार आधी होता, ग्रंथ मागून आला. शेमा ही प्रार्थना, शनिवारची विश्रांती, सुंता आणि खाण्याचे निर्बंध एवढं या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलं. खवले नसलेला मासा वर्ज्य, म्हणजे नियमशास्त्राचं एक अख्खं प्रकरण बायका चुलीपाशी चालवत होत्या, न वाचता. पुढे 1832 मध्ये जॉन विल्सन यांचं हिब्रू व्याकरण मराठीत आलं. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. 1874 मध्ये पुण्यात निघालेल्या हग्गादाच्या चित्रांत तर सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चक्क लुगड्यात आहेत! आणि 1880 च्या सुमारास मुंबईत या मंडळींनी कीर्तन सुरू केलं. पूर्वरंगात तत्त्व, उत्तररंगात आख्यान; आख्यान अब्राहामाचं, योसेफाचं, मोशेचं.

कीर्तनाने मोठं काम केलं. ज्यांना अक्षर येत नव्हतं, त्यांनाही ग्रंथ कानाने भेटला. पण टीकाकाराने एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. आख्यान कीर्तनकार निवडतो. योसेफाची गोष्ट रंगते, म्हणून ती पुन्हा पुन्हा येणार. लेवीय ग्रंथातले त्वचारोगाचे नियम कोण रंगवणार? क्रमाने वाचणाऱ्याला मात्र तेही टाळता येत नाहीत.

आता उदाहरण घेऊ. निर्गमात मान्नाची कथा आहे. रानात रोज सकाळी अन्न पडायचं. त्या दिवसापुरतंच वेचायचं. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं की किडायचं. यावरून नेहमीचा बोध, ‘उद्याची चिंता करू नका’. पण त्याच पाठात पुढे शुक्रवार आहे! शुक्रवारी दुप्पट वेचायचं, शनिवारसाठी ठेवायचं, आणि ते किडत नाही. म्हणजे साठवणं वाईट आहे असं कथा म्हणत नाही. कशासाठी आणि कधी साठवायचं, एवढंच ती विचारते. आगोटीची बेगमी करणाऱ्या कोकणातल्या बाईला हा फरक लगेच कळेल. ‘चिंता करू नका’ म्हणणाऱ्याने शुक्रवार वाचलेलाच नसतो.

दुसरं उदाहरण जास्त बोचरं आहे. गणना ग्रंथाच्या 27 व्या अध्यायात सलाफहादच्या पाच मुली येतात: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप रानात मेला, भाऊ नाही. त्या मोशेसमोर, याजकासमोर, सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहतात आणि बापाच्या नावाने वाटा मागतात. मोशे निकाल देत नाही, देवाला विचारतो. मुलींचं म्हणणं बरोबर ठरतं. बोध तयार: बाईने आवाज उठवावा, न्याय मिळतो. टाळ्या.

पण क्रम थांबत नाही. पुढच्याच किंवा त्याच्या पुढच्या आठवड्यात गणनेचा शेवटचा, 36 वा अध्याय येतो. कुळातले पुरुष येऊन म्हणतात, या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्न केलं तर जमीन आपल्या वंशाबाहेर जाईल. त्यांचंही म्हणणं बरोबर ठरतं. मुलींनी बापाच्या वंशातच लग्न करावं, असा निकाल होतो. त्या चुलतभावांशी लग्न करतात. आणि पाहा, या अध्यायात त्या एक शब्दही बोलत नाहीत. शिवाय भाऊ असता, तर पहिला निकालही त्यांच्या बाजूने लागला नसता.

आता सांगा, बोध काय? गोड वाक्य सापडणार नाही. सापडतो तो प्रश्न: हक्क मिळाल्यावर त्याला कुंपण कोण घालतं, आणि तेव्हा हक्कदार बोलते का?

हा प्रश्न रानातल्या त्या पाचजणींपुरता नाही. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याने ज्यू घरातल्या मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क 2005 च्या दुरुस्तीने मिळाला. तरीही आपल्याकडे बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. कशाला? माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. कायदा म्हणजे 27 वा अध्याय, आणि सही म्हणजे 36 वा. सही करणारी प्रत्येक बहीण फसलेली असते असं आमचं म्हणणं नाही. काहीजणी समजून-उमजून सोडतात. पण त्या वेळी ती बोलली होती का, हे विचारायला हवं.

यावर कुणी म्हणेल, सर, दिवसभर राबलेल्या बाईला प्रश्न कशाला, तिला धीर हवा. आक्षेप रास्त आहे. पण जात्यावर ओवी गाणाऱ्या आपल्या आज्यांनी सीतेच्या वनवासात आपलं दुःख पाहिलं, तेव्हा त्यांनी सीतेला लगेच सुखी करून टाकलं नाही. धीर मिळाला तो दुःखाला सोबत मिळाल्याने. दुःखावर उपदेश चिकटवल्याने मिळाला नसता.

ज्यू परंपरेतही याचा नमुना आहे. रीगामध्ये जन्मलेल्या आणि जेरुसलेममध्ये शिकवणाऱ्या नेहामा लेइबोविट्झ यांनी 1942 पासून सुमारे तीस वर्षं आठवड्याच्या पाठावर कागद पाठवले. त्यांत बोध नसे, प्रश्न असत. लोक उत्तरं धाडत आणि बाई ती तपासून परत पाठवत. जुन्या भाष्यकाराचं वाक्य घेऊन त्या विचारत, याला इथे नेमकं काय अडलं? हा प्रश्न स्वयंपाकघरातही चालतो.

तेव्हा वाचणाऱ्या बायांना, आणि पुरुषांनाही, आमची विनंती एवढीच. ग्रंथ कुठलाही असो, तोरा असो, ज्ञानेश्वरी असो, आवडीचं पान उघडून बोध काढू नका. क्रमाने या. या आठवड्याचा बोध लिहून ठेवा, आणि पुढचा पाठ वाचून झाल्यावर तो टिकतो का ते तपासा. टिकला तर तो तुमचा. नाही टिकला, तर जे अडलं ते घेऊन शेजारणीकडे जा.